वासुभियांची एक सकाळ

आल्प्समधल्या त्या गावाला आमच्या माहितीपत्रकात ‘चिमुकलं शेतकरी गाव’ म्हटलंय. पुढे ‘हिरव्या कुरणांतून पदभ्रमण आणि अस्सल स्थानिक जेवणाचा आस्वाद’. हे शब्द माझेच. इंदूरला, स्नेहलतागंजमधल्या आमच्या छोट्या टूर कंपनीच्या ऑफिसात पंख्याखाली बसून मी ते एका दुपारी लिहिले आणि तेव्हापासून दरवर्षी ते मला छळतायत. कारण आमच्या मंडळींचं पदभ्रमण पहिल्या बाकापर्यंत असतं, आणि स्थानिक जेवण म्हणजे वासुभिया जे रांधतील ते.

वासुभिया म्हणजे वासुदेव कानडे, आमचे महाराज. टूरवर स्वयंपाकी नेणं ही आमच्या धंद्यातली रीतच आहे. पंचवीसेक पाहुणे, एक बस, एक मॅनेजर, म्हणजे मी अमिता, आणि एक महाराज. महाराजांच्या चार पेट्या पाहुण्यांच्या आधी बांधून तयार. त्यात पोहे, सेव, वरून भुरभुरायचा जिरावन मसाला, डाळी, हिंग आणि दोन मोठी पातेली. हॉटेलवाल्यांशी आधी बोलून सकाळ-संध्याकाळ त्यांचं मागचं स्वयंपाकघर मागून घ्यायचं आणि इंदूरच्या लोकांना परदेशात इंदूरचं खायला घालायचं. लोक एवढ्या लांब जातात कशाला, हा प्रश्न मी पहिल्या दोन वर्षांत विचारून पाहिला. आता विचारत नाही.

वासुभियांचं वय एकसष्ट. भिया म्हणजे इंदुरी बोलीतला भाऊ, पण सत्तरीचे पाहुणेही त्यांना भियाच म्हणतात. अंगानं किडकिडीत, गुडघे गेलेले, बोलणं हळू. त्यांनी युरोपातली आठ-दहा शहरं पाहिली आहेत, पण मागच्या दारानं. मोठ्या कारंज्याचं, प्रसिद्ध मनोऱ्याचं कुठलंही शहर घ्या, ते सांगतील की तिथे सिंक बुटकं आहे, पाठ दुखते. किंवा तिथली शेगडी मंद आहे, डाळीला वेळ लागतो. मनोरा पाहिलात का म्हटलं तर म्हणतात, “खिडकीतून दिसला ना ताई. अच्छा होता.”

मला या उत्तराचा राग यायचा. त्यांचा नाही, त्या खिडकीचा.

भात-पोळी-भाजी हे त्यांचं नंतरचं काम. मूळचा हा माणूस दुधाचा. मानपुरला, आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेला माव्याची एक भट्टी होती, तिथे ते चौदाव्या वर्षी लागले. वीस वर्षं लोखंडी कढईसमोर उभं राहून दूध आटवलं. दूध आलं की आधी नुसता वास घ्यायचा. म्हैस कुठली, चारा ओला की सुका, भांडं नीट धुतलं होतं की नाही, हे त्यांना वासावरून समजतं. पुढे रस्ता बदलला, गिऱ्हाईक बदललं, भट्टी बंद झाली. ते बायकोला, शारदावहिनींना घेऊन इंदूरला आले, लग्नांच्या पंगती रांधू लागले आणि तिथून आमच्याकडे आले. पण कुणी नुसतं ‘दूध’ म्हटलं की या माणसाचा चेहरा बदलतो. आपल्याकडे जुन्या ओळखीच्या माणसाचं नाव निघालं की बदलतो, तसा.

त्या गावात आमचा मुक्काम दोन रात्रींचा. हॉटेल छोटं, लाकडी, मागच्या बाजूला स्वयंपाकघराचं दार. दुसऱ्या वर्षी त्या दारात एक बाई दुधाचे कॅन उतरवत होती. पंचावन्नच्या आसपासची, रुंद खांद्यांची, नाव व्हेरेना. गावापासून दीड तास चढून गेलं की उन्हाळी कुरण लागतं. जूनमध्ये गाई तिकडे नेतात आणि सप्टेंबरपर्यंत ती तिथेच लाकडी घरात राहून रोज सकाळी चीज करते, आणि ते आटपलं की दूध खाली पोचवते. वासुभियांनी कॅनचं झाकण उघडलं, नाक खाली नेलं आणि सरळ हिंदीत तिला म्हणाले, “बहनजी, कल से घास बदली है क्या?”

तिला हिंदी समजत नव्हतं, यांना जर्मन येत नव्हतं. हॉटेलचा मालक इंग्रजीतून मला, मी मराठीतून यांना, अशी वरात. गाई आदल्या दिवशीच वरच्या कुरणात हलवल्या होत्या. ती बाई हसली नाही. तिनं वासुभियांकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अर्धा कॅन दूध जास्तीचं ठेवून गेली. यांनी त्याची रबडी केली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिला वाटीभर दिली. तिनं उभ्याउभ्या संपवली, वाटी पुसून काढली, डोंगराकडे बोट केलं आणि सहा बोटं दाखवली. म्हणजे सकाळी सहा वाजता वर या.

तेव्हापासून वासुभियांच्या डोक्यात ते बसलं. चीज खायचं नव्हतं त्यांना. त्यात वासराच्या पोटातलं विरजण असतं हे कळल्यावर ते म्हणाले, “ते मी खाणार नाही, ताई. पण मला बघायचंय. बीस साल मी दूध फाटू नये म्हणून जागलो. आणि ही बाई रोज मुद्दाम फाडते, तेही आंबट न करता. लिंबू नाही, काही नाही. म्हणे अर्ध्या तासात सगळी कढई दह्यासारखी लागते, मग त्यात हात घालून बघावं लागतं की आता कापायचं की थांबायचं. तो हात मला घालून बघायचाय. बस.”

बस. एवढंच. यात अवघड काय होतं सांगा.

तिसऱ्या वर्षी एका पाहुण्यांचं ब्लडप्रेशर वाढलं आणि त्यांना सकाळी मऊ खिचडीच हवी होती. चौथ्या वर्षी एका काकूंचा वाढदिवस निघाला, त्यांच्या मुलानं इंदूरहून फोन करून श्रीखंड-पुरीची फर्माईश केली. आल्प्समध्ये सकाळी साडेसातला श्रीखंड-पुरी! मी फोनवर हो म्हटलं. वासुभियांनी आदल्या संध्याकाळी चक्का बांधला. मागच्या दारात व्हेरेना आली, तिनं सहा बोटं दाखवली, यांनी पुरीचं पीठ मळत मान हलवली. नाही म्हणून.

आणि दोन्ही वर्षी एक शब्द तक्रार नाही. माणसानं इतकं गप्प राहू नये. आदळआपट केली असती, तर मी निदान भांडले असते आणि भांडणातून काहीतरी निघालं असतं.

यंदा मात्र त्यांनी स्वतःहून विषय काढला. मे महिन्यात ऑफिसच्या मागच्या खोलीत पेट्या भरत होतो. जिरावनाची पाकिटं मोजता मोजता ते म्हणाले, “ताई, एक बात होती. यंदा मला त्या गावात एक सकाळ द्या. पूर्ण दिवस नको. नऊ-दस बजेपर्यंत. माझे गुडघे आता अगल्या साली चढतील असं वाटत नाही.”

मला इतकं लाजल्यासारखं झालं. मी म्हटलं, “दिली. पक्की दिली. आणि वासुभिया, काहीही झालं तरी मी तुम्हाला फोन करणार नाही. वचन.”

“वचन कशाला,” ते म्हणाले, पण खूश झाले. मग लगेच कामाला लागले. पोह्याचं काय करायचं, ते मी कसं करायचं, मला समजावू लागले.

यंदाच्या मंडळींत प्रतापराव होते. वीज खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. हा गृहस्थ वाईट नाही, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. विमानतळावर त्यांनी दोन म्हाताऱ्यांच्या बॅगा उचलल्या. पण सकाळी सात वाजता पोटात गरम पोहे गेले नाहीत की हा माणूस माणसात नसतो. शिवाय टूरचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनीच काढला होता आणि त्यावर रोज ‘आजचे गुण-दोष’ लिहायचे. आमचे मालक त्या ग्रुपवर होते. माझी मान रोज तिथे टांगलेली.

दुसरी होती निवेदिता. तिशीची, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी पुण्याहून इंदूरला आलेली. हुशार, मदतीला तत्पर. तत्पर लोकांची मला आता भीती वाटते. तिला इंदूरचे पोहे अजून पचले नव्हते. बडीशेप, साखर, वरून सेव, आणि कांदा कच्चा! “ताई, ह्याला तुम्ही पोहे म्हणता?” असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती आणि प्रतापराव पहिल्या दिवसापासून म्हणत होते, “बेटा, पोहे इंदूरचेच. पुण्याचे ते फोडणीचे चिवडे.” बसमध्ये या विषयावर चार देशांत चर्चा झाली. खिडकीबाहेर हिमशिखरं होती. कुणी बघत नव्हतं.

गावात पोचलो ती संध्याकाळ सुरेख होती. हॉटेलमालकानं मुद्दाम तिथलं जेवण केलं होतं. मॅकरोनी आणि बटाटे एकत्र शिजवलेले, वर वितळलेलं चीज, कुरकुरीत कांदा, सोबत सफरचंदाचा गोडसर रस्सा. चीजचा प्रश्न मी आधीच विचारून सोडवला होता, आमच्यासाठी त्यांनी झाडाच्या विरजणाचं वेगळं चीज आणलं होतं. मी मनापासून खूश होते. अखेर एकदा तरी पत्रकातलं वाक्य खरं होतंय असं वाटलं. प्रतापरावांनी ताटाकडे पाहिलं, खिशातून पुडी काढली आणि त्यावर मूठभर लसूण सेव टाकली. वर जिरावन. मग पुडी टेबलाभर फिरली. “आता जमलं,” सगळे म्हणाले. हॉटेलमालक दारात उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते बघायला नको म्हणून मी पाणी प्यायले.

जेवणानंतर मी दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम सांगितला. सकाळी साडेसातला नाश्ता, साडेआठला सगळ्यांनी वर कुरणाकडे चालत निघायचं. ज्यांना झेपेल त्यांनी व्हेरेनाच्या घरापर्यंत. वासुभिया पुढे गेलेले असतील, ते वर भेटतील. इतकं सोपं. मुद्दाम सांगितलं, “उद्या सकाळी वासुभिया नाहीत. नाश्ता ते करून ठेवणार आहेत, मी वाढणार आहे.” सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रतापराव तर म्हणाले, “जाने दो, जाने दो. त्यांचापण हक बनतो.”

पहाटे चार वाजता वासुभियांनी पोहे भिजवले, हळद, मीठ, साखर, बडीशेप, फोडणी सगळं लावून मोठ्या पातेल्यात भरले, वर ओलं फडकं. इंदूरचे पोहे परतत नाहीत, वाफेवर धरतात. खाली पाण्याचं पातेलं उकळतं, वर पोह्यांचं. “सव्वासातला खालची शेगडी लावा, ताई. पंद्रह मिनट. झाकण उघडायचं नाही, हात लावायचा नाही. सेव-कांदा-लिंबू इथे.” मग त्यांनी स्वेटर चढवला, कानटोपी घातली, कंपनीचा फोन खिशात टाकला आणि मागच्या दारानं निघाले. पूर्वेकडे नुकतं फटफटत होतं. गुडघे आखडलेले, तरी त्या चढावर ते जवळजवळ घाईनं चालले होते. मी बघत राहिले. मला बरं वाटत होतं. स्वतःचं कौतुकही वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

सात वाजता बसच्या ड्रायव्हरचा फोन आला. पुढच्या मुक्कामाच्या रस्त्याचं काही काम निघालं होतं, वेळ बदलावी लागणार होती. मी बाहेर जाऊन त्याच्याशी बोलत उभी राहिले. दहा मिनिटं, फार तर बारा.

तेवढ्यात निवेदिता स्वयंपाकघरात गेली. चहाला, असं ती म्हणते. तिनं फडकं उचललं, पोहे पाहिले. थंड, बिनकांद्याचे, तिच्या मते कच्चे. “मला वाटलं, भियांना घाईत राहूनच गेलं. म्हटलं, मी परतून देते.” तिनं मोठी कढई तापवली, तेल ओतलं, कांदे चिरले, आणि ती सगळी दोन किलोंची रास त्या कढईत उलथी केली. आधीच भिजलेल्या पोह्यांवर वरून पाण्याचे हबके. मी आत आले तेव्हा कढईत पिवळा गोळा होता आणि खाली तो करपत होता. धूर छताला लागला होता. मी तोंड उघडणार तोच धुराची घंटा वाजायला लागली.

ती घंटा बंद करायला हॉटेलमालक पायजम्यावर धावत आला. सगळी मंडळी खाली उतरली. एका काकूंनी पासपोर्टची पिशवी गळ्यात घालून बाहेरच पळ काढला. निवेदिता रडकुंडीला आलेली. हॉटेलमालकानं शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, जेवणघरात गेला आणि पाव, लोणी, ब्लूबेरीचा मुरंबा, दही, सफरचंदं मांडायला लागला. भला माणूस. तिथेच सगळं संपायला हवं होतं.

“अमिताजी, पोहे?” प्रतापराव म्हणाले.

“पोहे गेले, काका. आज पाव खाऊ. इथला पाव फार चांगला असतो.”

“सुबह-सुबह डबलरोटी? वर चढायचंय ना? कोण चढणार या डबलरोटीवर? भियांना बोलवा.”

“ते वर गेलेत. काल सांगितलं होतं.”

“हां, तर एक तासाचा प्रश्न आहे. येतील, बनवतील, परत जातील. उनका काम ही है ना ये.”

मग कुणी म्हणालं, माझी गोळी आहे, मला गरम लागतं. कुणी म्हणालं, आम्ही महाराज सोबत आहे म्हणूनच ही टूर घेतली. प्रतापरावांनी फोन काढला आणि मला दिसेल असा धरून ग्रुपवर लिहायला लागले. तेवीस माणसं माझ्याकडे बघत होती. पावाची टोपली टेबलावर होती, ऊन होती, तिला कुणी हात लावला नव्हता. माझं डोकं इतकं फिरलं की मला त्या टोपलीतले पाव एकेकाच्या डोक्यात घालावेसे वाटले. मी ते केलं नाही. मी बाहेर आले आणि वासुभियांना फोन लावला.

पावणेआठ वाजले होते.

त्यांनी तिसऱ्या रिंगला उचलला. मागे गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या. मी म्हटलं, “वासुभिया, गडबड झालीये. येता का खाली?” मला वाटलं होतं ते काय झालं म्हणून विचारतील. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं आणि सांगताना मलाच लाज वाटली असती, कदाचित मी म्हटलं असतं, राहू द्या. त्यांनी विचारलं नाही. “येतो,” म्हणाले आणि फोन ठेवला.

पावणेनऊला ते मागच्या दारात आले. चढायला दीड तास लागलेली वाट त्यांनी त्या गुडघ्यांनी तासाभरात उतरली होती. एका पायावर जोर न देता भिंतीला धरून उभे राहिले, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या. मी कढई दाखवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बस, हे?” एवढंच म्हणाले. मग नवे पोहे काढून चाळायला लागले.

सव्वानऊला पोहे झाले. सगळ्यांनी दोनदा घेतले. “भिया, मान गये,” प्रतापराव म्हणाले आणि ग्रुपवर गुणांमध्ये तसं लिहिलं. तोवर ढग खाली उतरले होते. डोंगर दिसेनासा झाला, वर जाण्यात अर्थ राहिला नाही. मंडळी पहिल्या बाकापर्यंत जाऊन फोटो काढून आली. निवेदितेनं मात्र वासुभियांच्या शेजारी उभं राहून सगळी भांडी घासली, हे सांगायला हवं. ती दोनदा सॉरी म्हणाली. ते म्हणाले, “अरे बेटा, पुण्याच्या हिशोबानं तू बरोबरच करत होतीस.”

दुपारी व्हेरेना आली. वासुभियांना भेटायला नव्हे, माझ्याकडे आली. जेवणघराच्या मधोमध उभी राहून तिच्या भाषेत बोलली, आवाज न चढवता, आणि हॉटेलमालक खाली बघत भाषांतर करत होता. “ती म्हणते, त्यानं कोपरापर्यंत हात धुतले होते. दूध लागलं होतं. ती म्हणाली, आता घाल हात. तेव्हा फोन वाजला. ती म्हणते, तिनं दहा मिनिटं थांबून पाहिलं, तो परत येईल म्हणून. त्याहून जास्त थांबता येत नाही. मग तिनं कापलं.” मग त्यानं पुढचं सांगितलं. “ती विचारते आहे, इथे काय झालं होतं?”

मी सांगितलं. ‘ब्रेकफास्ट’ हा शब्द तिला भाषांतराशिवाय समजला. ती निघून गेली. मागच्या दाराकडे गेली नाही.

राहिलेल्या प्रवासात मी वासुभियांशी फार बोलले नाही. खरं म्हणजे प्रतापरावांवरच धुमसत राहिले. परत आल्यावर घरी, ऑफिसात, मैत्रिणींना, जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगितली. लोक कसे असतात बघा, एका नाश्त्यासाठी! ऐकणारे हळहळायचे, मला बरं वाटायचं.

सप्टेंबरात पुढच्या वर्षीच्या व्हिसाचे कागद घेऊन मी वासुभियांच्या घरी गेले. आमच्या ऑफिसमागच्याच गल्लीत दोन खोल्या. शारदावहिनींनी चहा ठेवला. वासुभिया खाटेवर पाय लांब करून बसले होते, गुडघ्यांना पट्टे. मी कागद काढले, म्हटलं, “पुढच्या जूनमध्ये आपण एक दिवस आधीच पोचू. मी आपल्या मालकांशी बोलले. तुम्हाला पूर्ण दिवस. वर जायला गाडी बघते, अर्ध्या वाटेपर्यंत जाते म्हणे.”

“नको ताई,” ते म्हणाले. “अब नहीं होगा. नवीन महाराज बघा. मी पोह्यांचं शिकवून देईन त्याला.”

“पायांमुळे?”

“हां, पायपण आहेतच.”

मला रडू येईल असं वाटलं, आणि मला रडू आलं की आधी राग येतो. मी प्रतापरावांवर पुन्हा सुरू झाले. असली माणसं टूरवर घेऊच नयेत, स्वतःच्या जिभेपलीकडे काही दिसत नाही, एक दिवस पाव खाल्ला असता तर काय मेले असते. वहिनी चहाचे कप ठेवून उभ्या राहिल्या होत्या. वासुभियांनी मला बोलू दिलं, सगळं. मग म्हणाले, “प्रतापरावांचं काय घेऊन बसलात, ताई. त्यांचे तीन फोन आले होते मला तिथे. तुमच्या आधी.”

मला हे माहीत नव्हतं.

“नाव बघितलं आणि खिशात टाकला. तिन्ही वेळा. म्हटलं, पोहे मागत असतील, मिलेंगे थोडी देर में.” ते आपल्या हातांकडे बघत बोलत होते, रागानं नाही. “मग तुमचा आला. तुम्ही करणार नाही म्हणाला होतात ना. मला वाटलं, ताई करतायत म्हणजे कुणीतरी गेलं.”